एकेका पेशीची अँटिबॉडी तपासणारी चिप साताऱ्यातल्या लॅबमध्ये जमेल का?

पोवईनाका_बायो

नमस्कार मंडळी. साताऱ्यात एका कॉलेजच्या लॅबमध्ये पीएचडी करतोय, विषय घोणशीचं विष. अँटिव्हेनम नाही करत आम्ही, आम्हाला पट्टी बनवायचीय, प्रेग्नन्सी टेस्टची असते तसली, चावलेल्या माणसाच्या रक्ताचा थेंब टाकला की घोणस का दुसरं काही ते पंधरा-वीस मिनिटांत कळायला पाहिजे. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्याकडं काय चालतं ते सांगायला नको, फडात पहाटेचा अंधार, पाचटात पाय पडतो, साप कुणी बघितलेलाच नसतो आणि बघितला तरी घोणशीला अजगराचं पिल्लू म्हणणारे निम्मे.

आता या पट्टीला दोन मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच पेशीच्या वंशातल्या, सगळ्या हुबेहूब सारख्या) लागतात. दोघींनी घोणशीच्या विषातल्या फॉस्फोलायपेझ ए२ (पीएलए२) या एन्झाइमला धरायचं, पण वेगवेगळ्या जागी, आणि नाग, मण्यार, फुरसं यांच्या विषाला हात पण लावायचा नाही. उंदरांचं टोचण झालंय (एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, विष परवान्यानं आणलंय, त्यावरनं कुणी सुरू होऊ नका प्लीज), सीरमचा टायटर (रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण) एकदम झकास. पण हायब्रिडोमा (अँटिबॉडीची पेशी कॅन्सरच्या पेशीशी फ्युजन करून जोडायची, म्हणजे ती वाढत राहते) करायला घेतला की क्लोन मोजकेच उगवतात आणि जे उगवतात त्यातले बहुतेक नागाच्या विषाला पण चिकटतात.

मध्ये एका सेमिनारमध्ये ऐकलं की आता फ्युजन बिजनची भानगडच नको, उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी सोडणारी एकेक पेशी चिपवर वेगळी ठेवायची, ती काय सोडतीय ते तिथंच तपासायचं आणि पाहिजे तीच उचलायची. बीकन, ड्रॉपलेट, नॅनोवेल अशी तीन-चार नावं कानावर पडली. मॅडम म्हणतात बघ काय जमतंय ते. आमच्याकडं इन्क्युबेटर आहे, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे (स्टेज हातानं फिरवायचं), एलायझा रीडर आहे, क्लीनरूम नाही, पेशी निवडून वेगळ्या काढणारा सॉर्टर नाही आणि बजेट विचारू नका. खरंच जमण्यासारखं आहे का हे, का परदेशातल्या लॅबचं बघून आपण उगाच उड्या मारायच्या?

वाळवेकर_ताई

जमेल, पण तू नावं घेतलीस त्या तिन्हीपैकी एकच जमेल. मी याच कामात आहे गेली काही वर्षं, सध्या देशाबाहेर, माहेर वाळवा तालुक्यात, त्यामुळं फडातली घोणस पण बघितलीय आणि ड्रॉपलेट पण. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

पहिल्यांदा हे समजून घे की अडचण कुठं आहे. मेमरी बी पेशी असेल तर ती आपली अँटिबॉडी अंगावर मिरवत असते, रंगवलेला अँटिजेन टाकला की चिकटतो आणि सॉर्टरवर वेगळी काढता येते. पण खरा माल तयार करणारी प्लाझ्मा पेशी, ती पृष्ठभागावर फारशी काही ठेवतच नाही, सेकंदाला हजारो रेणू बाहेर सोडत बसते आणि ते सोडलेले रेणू पाण्यात मिसळून जातात, कुठला कुणाचा काही पत्ता राहत नाही. म्हणजे पेशी आणि तिनं सोडलेली अँटिबॉडी यांची ताटातूट होऊ द्यायची नाही, एवढंच या सगळ्या चिपांचं काम आहे, बाकी सगळी त्यासाठीची कारागिरी.

आता आकडा बघ म्हणजे पटेल. पेशी सेकंदाला १००० रेणू सोडते असं धरलं तर तासाला ३६ लाख झाले. हे ९६ वेलच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटरमध्ये सोडले तर साधारण ३० फेम्टोमोलर, तुझा एलायझा रीडर याला शून्यच म्हणणार. तेच ५० मायक्रॉन लांबी-रुंदी-खोलीच्या खड्ड्यात सोडले, म्हणजे १२५ पिकोलिटरमध्ये, तर जवळजवळ ५० नॅनोमोलर. सोळा लाख पट फरक, आणि पेशीनं काहीच जास्त केलं नाही. कृष्णेत चिमूटभर मीठ टाकलं तर कुणाला कळणार, वाटीत टाकलं तर लगेच जिभेला लागतं. हायब्रिडोमात आपण पेशी वाढवून वाढवून त्या वेलमध्ये पुरेशी अँटिबॉडी जमायची वाट बघतो, दहा-बारा दिवस जातात. इथं एक-दोन तासांत उत्तर, पेशी वाढायची गरजच नाही. आणि प्लाझ्मा पेशी बाहेर काढली की तशी पण फार टिकत नाही, त्यामुळं हे तास महत्त्वाचे.

आता तुझी तीन नावं. बीकन हे बर्कली लाइट्सचं मशीन, ती कंपनी २०२३ मध्ये आधी फिनोमेक्स झाली आणि मग ब्रुकरनं घेतली. चिपवर हजारो बारीक कप्पे, खाली प्रकाशानं चालू होणारा सिलिकॉनचा थर, जिथं प्रकाश पाडशील तिथं विद्युतक्षेत्र तयार होतं आणि पेशी ढकलत ढकलत कप्प्यात नेता येते. बघायला फार मजा येते, खरंच, पण किंमत कोटींच्या घरात आणि चिप पण एकदा वापरून टाकायची, तेव्हा विषय संपला.

ड्रॉपलेट म्हणजे तेलात पाण्याचे थेंब, एका थेंबात एक पेशी. फ्लुरिनेटेड तेल लागतं, त्यात खास सर्फॅक्टंट लागतो नाहीतर थेंब एकमेकांत मिसळतात. २०१७ मध्ये पॅरिसच्या लोकांनी यात एक फार सुंदर गोष्ट केली, थेंबात चुंबकीय नॅनोकण घातले, बाहेरनं चुंबक लावला की ते कण एका रेषेत उभे राहतात, पेशीनं सोडलेली अँटिबॉडी त्या रेषेवर गोळा होते आणि रंगीत अँटिजेन तिथं येऊन चिकटला की रेषा चमकते. किती चमकली त्यावरनं पेशी किती वेगानं सोडतीय ते पण कळतं आणि पकड किती घट्ट आहे ते पण. पण थेंब नुसते बघणं वेगळं आणि त्यातला पाहिजे तो थेंब बाहेर काढणं वेगळं. काढायचा म्हणजे लेझर, डिटेक्टर, हाय व्होल्टेज अॅम्प्लिफायर, सेकंदाला शेकडो थेंबांतनं एक थेंब विजेच्या झटक्यानं बाजूच्या वाटेला लावायचा. ही जुळणी बसवण्यातच तुझी पीएचडी संपेल.

आणि तुझ्या बाबतीत अजून एक खोच आहे जी सेमिनारवाल्यांनी सांगितली नसेल. थेंबात तू पेशीबरोबर काय घालणार? फॉस्फोलायपेझ. त्याचं कामच पेशीच्या पडद्यातलं फॉस्फोलिपिड तोडायचं. जिवंत पेशीला तासभर त्याच्याबरोबर १०० पिकोलिटरमध्ये कोंडून ठेवणं म्हणजे मला तरी धोक्याचं वाटतं. ब्रोमोफेनॅसिल ब्रोमाइडनं एन्झाइम निकामी करता येतं, सक्रिय जागेतला हिस्टिडीन ४८ अडवला जातो, पण मग अँटिबॉडी बदललेल्या प्रोटीनवर निवडली जाते आणि रुग्णाच्या रक्तात असणार आहे न बदललेलं.

म्हणून माझं मत नॅनोवेल, त्यातला पण छाप्याचा प्रकार, मायक्रोएन्ग्रेव्हिंग म्हणतात, २००६ मध्ये अमेरिकेत क्रिस्टोफर लव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. पीडीएमएसच्या रबरी तुकड्यावर ५० मायक्रॉनचे लाखभर खड्डे, त्यावर पेशी ओतायच्या, त्या आपोआप खाली बसतात, जास्तीच्या धुवून टाकायच्या. मग वरनं काचेची स्लाइड झाकण म्हणून दाबायची, स्लाइडला उंदराच्या आयजीजीला (नेहमीच्या प्रकारच्या अँटिबॉडीला) पकडणारी अँटिबॉडी लावलेली. एक-दोन तास ठेवलं की प्रत्येक खड्ड्यानं वर आपला ठिपका उमटवलेला असतो. स्लाइड उचलायची, पेशी खड्ड्यात तशाच जिवंत, त्यांना मीडिया घालायचा. आणि विष कुठं लागतं? फक्त त्या उचललेल्या स्लाइडवर! पेशीला विषाचा स्पर्श पण होत नाही.

घोणशीचं प्रोटीन लाल, नागाचं हिरवं, दोन्ही एकदम स्लाइडवर टाक. लाल ठिपका आणि हिरवा नाही, तो खड्डा तुझा. हायब्रिडोमात जी गोष्ट तुला क्लोन वाढवून, गोठवून, मग कळतीय, ती इथं पहिल्याच दिवशी. आणि त्याच पेशींवर दुसरी स्लाइड लावून दुसरा छापा काढता येतो, त्याला फुरसं आणि मण्यार लाव.

फक्त लेबल लावताना जपून. पीएलए२ केवढंसं, १४ किलोडाल्टन, लायसिनवर तीन-चार रंग चिकटवलेस तर जिथं अँटिबॉडी बसायची ती जागाच झाकली जाईल. एका रेणूला सरासरी एकच्या आसपास ठेव.

टूलरूम_पलूस

बायोलॉजीतलं मला घंटा कळत नाही पण खड्ड्यांचं बोलायचं तर मी बोलतो, धंदाच तो आहे. डाय, मोल्ड, इलेक्ट्रोड सगळं करतो आम्ही. ताई ५० मायक्रॉन म्हणतात ते आपल्या सीएनसीवर मिलिंग करून जमणार नाही, टूलच तेवढं बारीक मिळत नाही आणि मिळालं तरी लाखभर खांब उभे करायला मशीन किती दिवस अडकून पडेल हिशेब कर, मालक हाकलून देईल. हे काम फोटोनं करायचं, म्हणजे पीसीबीवाले करतात तसं. ड्राय फिल्म रेझिस्ट (यूव्ही पडेल तिथं घट्ट होणारी फिल्म) मिळतो रोलमध्ये, ३०-५० मायक्रॉन जाडीचा, तांब्याच्या प्लेटवर नाहीतर काचेवर गरम रोलरनं लॅमिनेट करायचा, दोन थर चढवले की पाहिजे ती जाडी. वर मास्कची फिल्म ठेवायची, यूव्ही मारायचा, सोडियम कार्बोनेटमध्ये धुवायचा, झाला साचा.

मास्क छापायला ऑफसेट प्रेसची फिल्म काढणारं इमेजसेटर बघ, सांगली-कोल्हापुरात अजून एखाद्याकडं असेल, २५४० डीपीआय म्हणजे एक ठिपका १० मायक्रॉन. ५० चा चौकोन म्हणजे पाच ठिपके, कडा कुरतडल्यासारख्या येणार. १०० मायक्रॉन घे, छान येतील. चालेल का ते ताईंनी सांगावं.

वाळवेकर_ताई

दादा, चालेल की! १०० मायक्रॉनचा घन म्हणजे एक नॅनोलिटर, आठपट मोठा, तर तासाला ५० च्या जागी ६ नॅनोमोलर, दोन तास ठेवलं की १२. स्लाइडवर दिसायला हरकत नाही. खड्डे कमी बसतील एका चिपवर एवढंच. ड्राय फिल्मची आयडिया मला सुचली नसती, आम्ही इथं सिलिकॉन वेफरवर एसयू-८ रेझिस्टनं करतो, सवय लागलीय तीच. पोवईनाका, तुला नीट एसयू-८ चाच साचा हवा असेल तर आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीत आयएनयूपी म्हणून योजना आहे, बाहेरच्या कॉलेजच्या लोकांना तिथली नॅनोफॅब वापरता येते, अर्ज टाकून ठेव, लागेल वेळ पण लागू दे. साचा एकदा झाला की नीट वापरलास तर डझनावारी चिपा निघतात त्याच्यातनं. पीडीएमएसचं प्रमाण दहाला एक, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढायचे, ७० डिग्रीला दोन तास, आणि हे तुमच्या साध्या ओव्हनमध्ये होतं.

एक मात्र नक्की त्रास देईल, खड्ड्यात हवा अडकते. पीडीएमएसला पाण्याचा तिटकारा. प्लाझ्मा क्लीनर नसेल तर बफरमध्ये बुडवून डेसिकेटरमध्ये व्हॅक्यूम लाव, हवा निघून जाते.

सांगली_फ्युजन

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका. हायब्रिडोमाला एवढं पण मोडीत काढू नका राव. कोलर आणि मिलस्टाइननी १९७५ मध्ये दाखवला, १९८४ ला नोबेल मिळालं, आणि अजून पट्ट्यांच्या टेस्टमध्ये ज्या अँटिबॉडी असतात त्यातल्या कितीतरी हायब्रिडोमातल्याच. कारण काय तर क्लोन मिळाला की मिळाला, नायट्रोजनमध्ये ठेवला, दहा वर्षांनी काढला, परत तीच अँटिबॉडी. तुमच्या चिपवर लाल ठिपका दिसला, टाळ्या, पुढं? ती पेशी तर मरणार. तिच्यातनं आरएनए काढायचा, अँटिबॉडीच्या हेवी आणि लाइट दोन्ही साखळ्यांचे जीन नेस्टेड पीसीआरनं वाढवायचे, सिक्वेन्स करायचे, व्हेक्टरमध्ये घालायचे, एचईके २९३ पेशींमध्ये बनवायचे आणि मग कळणार खरंच चिकटतं का. एका पेशीतनं पीसीआर म्हणजे निम्म्या वेळा एक साखळी येते आणि दुसरी येतच नाही. हे कोण सांगत नाही सेमिनारमध्ये.

फ्युजनमध्ये दहा हजार ते लाख पेशींमागं एखादी जगते हे मान्य, म्हणजे उंदरानं बनवलेल्यातलं ९९ टक्क्यांपेक्षा जास्त आपण फेकून देतो. पण म्हणून चांगली फ्युजन करायला शिकायचं. पेशी जोडणारं पीईजी ताजं आहे का, न जुळलेल्या कॅन्सरच्या एसपी२/० पेशी एचएटी मीडियामध्ये खरंच मरतायत का, मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून बसणारा जंतू) बघितलाय का कधी? मोजकेच क्लोन उगवतात म्हटल्यावर मी आधी मायकोप्लाझ्मा तपासला असता.

आणि नागाला पण चिकटणारे क्लोन येतायत तर टोचण काय दिलंय? अख्खं विष का शुद्ध पीएलए२? नागाचं पीएलए२ आणि घोणशीचं एकमेकांचे चुलतभाऊच, सारखा भाग असणारच. तुझ्या उंदरात फक्त घोणशीला धरणाऱ्या पेशी मुळात आहेत तरी का? नसतील तर चिप काय करणार?

वाळवेकर_ताई

सांगली_फ्युजन, शेवटचा प्रश्न लाखातला एक. चिपच्या आधी तोच सोडवायचा आणि त्याला फारसा खर्च पण नाही, एलिस्पॉट करायचा. १९८३ पासूनचं तंत्र आहे, तळाला मेम्ब्रेन असलेली प्लेट, त्यावर पेशी, जिथं पेशी बसली तिथं तिच्या अँटिबॉडीचा ठिपका. पेशी परत मिळत नाही पण मोजता येते. एका ओळीत घोणस, एका ओळीत नाग, किती ठिपके कुठं पडतात बघायचे.

पीसीआरचं म्हणताय ते पण खरं आहे, दोन्ही साखळ्या सगळ्या पेशींतनं येत नाहीत. म्हणून पाच चांगल्या पेशी पाहिजेत तर वीस उचलायच्या. पण पेशी मरते म्हणून माहिती मरत नाही ना, सिक्वेन्स हातात आला की तो कागदावर पण टिकतो, क्लोनसारखं क्रोमोसोम टाकून देऊन अँटिबॉडी बनवायचं बंद करत नाही. आणि वेग बघा. कोविडमध्ये व्हँकुव्हरच्या अॅबसेलेरा कंपनीनं फेब्रुवारी २०२० च्या शेवटी एका बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्ताचा नमुना घेतला, ५० लाखांहून जास्त पेशी मायक्रोफ्लुइडिक चिपवर चाळल्या, त्यातनं ५०० च्या वर अँटिबॉडी काढल्या, त्यातली एक बॅमलानिव्हिमॅब, एली लिलीनं जूनमध्ये माणसांत चाचणी सुरू केली आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आपत्कालीन मंजुरी. माणसाच्या पेशींचं हायब्रिडोमा करत बसले असते तर? (पुढं व्हायरसनं रूप बदललं आणि एप्रिल २०२१ मध्ये एकटी वापरायची मंजुरी काढून घेतली, तो दोष चिपचा नाही.)

मिरजवाला_डॉक

मी मेडिसिनवाला, सर्पदंश दर पावसाळ्यात बघतो. चिपबिप मला माहीत नाही, मी पट्टीचं विचारतो. आपल्याकडं अँटिव्हेनम एकच, चारही सापांवर चालणारं, घोडा टोचून केलेलं. घोणस असो का नाग, मी तीच बाटली फोडणार. मग साप ओळखून माझ्या पेशंटला काय मिळालं? रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं ठेवलं आणि गोठलं नाही की मला कळतं विष चढलंय, फुकटात कळतं. पोराचा हिरमोड करायचा नाही पण हे परीक्षेत कुणीतरी विचारणारच.

पोवईनाका_बायो

डॉक्टर, विचारलंत ते बरं झालं, मॅडमनी पण हेच तयार करून ठेवायला सांगितलंय. २० मिनिटांची नळी रक्त बिघडल्यावर सांगते, आम्हाला बिघडायच्या आधी सांगायचंय, विष रक्तात आहे का नुसता कोरडा (विष न सोडलेला) दंश आहे. दुसरं म्हणजे आपल्या घाटात, कास, कोयनेकडं चापडा साप पण चावतो, तो त्या चारांत नाही, अँटिव्हेनमचा त्याला उपयोग नाही, तरी बाटल्यांवर बाटल्या दिल्या जातात. सूज आहे, रक्ताला थोडी गडबड आहे आणि घोणशीची पट्टी कोरी, मग डॉक्टर थांबून विचार तरी करेल. तिसरं, अँटिव्हेनम दिल्यावर रक्तात विष उरलंय का ते परत बघता येईल. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज छापून आलाय, वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यात घोणशीचा वाटा मोठा.

सांगली_फ्युजन सर, टोचण अख्ख्या विषाचं नाही, शुद्ध केलेल्या पीएलए२ चं. मायकोप्लाझ्मा उद्याच बघतो.

ताई, एलिस्पॉट करतो पण मग चिपवर किती पेशी टाकायच्या याचा हिशेब कसा? एका खड्ड्यात दोन बसल्या तर?

वाळवेकर_ताई

बसणारच काहींत, नशिबावर आहे ते. लाख खड्डे आणि ३० हजार पेशी टाकल्यास तर ७४ हजार खड्डे रिकामे, २२ हजारांत बरोबर एक, आणि साडेतीन-चार हजारांत एकापेक्षा जास्त. रिकामे जास्त दिसतात म्हणून पेशी वाढवायचा मोह होतो, वाढवू नकोस, दोन-दोनवाले खड्डे तुझा लाल-हिरव्याचा सगळा खेळ बिघडवतात, कारण एक पेशी लाल आणि शेजारीण हिरवी असली तरी ठिपका दोन्ही रंगांचा येतो आणि चांगली पेशी तू टाकून देतोस. जपानमध्ये २००९ ला तोयामाच्या लोकांनी यावर उपाय केला होता, खड्डाच एका पेशीपुरता खणायचा, दुसरी शिरायला जागाच नाही, अँटिबॉडी खड्ड्याच्या तोंडाभोवती कड्यासारखी उमटते. पण तो खड्डा १० मायक्रॉनचा, पलूसच्या दादांच्या फिल्मवर नाही जमायचा.

आता एलिस्पॉट का आधी ते बघ. समजा लाख पेशींत फक्त घोणशीचे असे २० ठिपके आले. मग ३० हजारांच्या चिपवर तुला सहाच सापडतील, त्यात पीसीआरची गळती, हाती काही लागत नाही. म्हणून आधी सीडी१३८ (प्लाझ्मा पेशीवरची खूण) धरणाऱ्या चुंबकी मण्यांनी प्लाझ्मा पेशी वेगळ्या काढायच्या, दहापट जरी दाटल्या तरी सहाच्या साठ झाल्या. आणि लाखात एक-दोनच ठिपके आले तर चिप करूच नकोस, परत टोचण बघ, सांगली_फ्युजन म्हणतात तसं.

बूस्टरनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी प्लीहा काढ, तेव्हा या पेशी भरात असतात.

सांगली_फ्युजन

साठ सापडल्या असं धरू. उचलणार कशानं? हातानं?

पोवईनाका_बायो

हो तेच विचारणार होतो. मायक्रोमॅनिप्युलेटर नाही आमच्याकडं. मिरज-सांगलीत एवढी टेस्ट ट्यूब बेबी सेंटरं आहेत, इक्सी (बीजात शुक्राणू टोचणं) करतात त्यांच्याकडं असतोच की, रविवारी कुणी देईल का वापरायला?

मिरजवाला_डॉक

अरे बाबा, उंदराच्या पेशी घेऊन एम्ब्रियॉलॉजी लॅबच्या दारात जरी उभा राहिलास तरी ते तुला चपलेसकट बाहेर काढतील आणि बरोबरच आहे त्यांचं. यंत्र नको मागू, माणूस माग. तिथल्या एम्ब्रियॉलॉजिस्टला म्हणावं एक दिवस आमच्या लॅबमध्ये येऊन काचेची नळी कशी ओढायची, कशी धरायची ते शिकवा. माझ्या ओळखीत आहेत दोघं-तिघं, विचारतो.

टूलरूम_पलूस

मॅनिप्युलेटर म्हणजे तीन बाजूंना बारीक सरकणारं ठाण ना? मायक्रोमीटर हेडवर करून देतो, एका रेघेला दहा मायक्रॉन. मायक्रोस्कोपचा फोटो आणि स्टेजची मापं पाठव. त्याच हेड्स तुझ्या स्टेजला पण लावू, नाहीतर लाख खड्ड्यांतला कितवा खड्डा ते मोजणार कसं? साच्यात दर दहा खड्ड्यांनी आकडा कोरून घे, फिल्मवर काय, आकडा पण फुकट छापून येतो.

वाळवेकर_ताई

आकडे हवेतच, आणि एक कोपरा मुद्दाम वेगळा ठेव, स्लाइड उलटी होऊन छापा आरशासारखा येतो, डावं-उजवं कुठलं ते कोपऱ्यावरनंच कळतं.

आणि पोवईनाका, एलिस्पॉटला प्लेटवर सरळ विष लावू नकोस. उंदराच्या आयजीजीला पकडणारी अँटिबॉडी लाव, त्यावर रात्रभर पेशी, सकाळी धुवून मग बायोटिन लावलेलं पीएलए२ घाल, म्हणजे इथं पण पेशीला विष लागत नाही आणि पुढं चिपवर जी पद्धत वापरणार तीच आधी घासून होते. चार ओळी कर, घोणस, नाग, फुरसं आणि चौथ्या ओळीत विष न लावता नुसतं सगळं आयजीजी मोजायचं. टोचण न दिलेल्या उंदराच्या पेशी शेजारी ठेव. रात्रभर प्लेट हलवायची नाही, इन्क्युबेटरचं दार कुणी उघडायचं नाही, चिठ्ठी लाव दारावर, नाहीतर ठिपक्यांना शेपट्या फुटतात.

पोवईनाका_बायो

चिठ्ठी लावून उपयोग नाही ताई, आमच्याकडं त्याच इन्क्युबेटरमध्ये एमएस्सीच्या पोरांच्या प्लेटा असतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लावतो. लाइट गेली तर यूपीएस दोन तास धरतो, त्याच्यापुढं नाही.

सांगली_फ्युजन

दोन तास पुरे. ठिपके आले की फोटो इथंच टाक, नागाच्या ओळीचा पण. आणि उरलेल्या निम्म्या प्लीहेचं फ्युजन करून ठेव, मी सांगतो कसं ते, उगाच वाया कशाला घालवायची.